नांदायला परत गेलेल्या बाईची फाईल

तालुक्याच्या महिला समुपदेशन केंद्राला दर महिन्याला अहवाल पाठवावा लागतो. त्यात 'निकाली प्रकरणे' असा एक रकाना असतो. तक्रार केलेली बाई सासरी परत गेली की 'अर्जदार नांदावयास गेली' असा शेरा मारून तिचं प्रकरण त्या रकान्यात टाकायची पद्धत आहे. इथे जिच्याबद्दल लिहिते आहे, तीही अशीच परत गेली. आम्ही मात्र फाईल उघडी ठेवली. पुढे जे घडू शकलं त्याची बहुतेक तयारी ती सासरी नांदत असतानाच झाली. मार खाणारी बाई परत गेली की 'आता तिचं ती बघेल' म्हणून हात काढून घ्यायची आपल्याकडे फार सवय आहे. ती सवय जिवावर बेतू शकते, आणि ते या प्रकरणात नीट दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडते.

ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नवऱ्याचं काम असे तपशील बदलले आहेत, आणि सारख्या वळणाच्या दोन-तीन प्रकरणांतले प्रसंग एकत्र घेतले आहेत. कायद्याची कलमं आणि न्यायालयांचे निवाडे मात्र जसे आहेत तसेच आहेत. तिला मी ताईच म्हणेन. केंद्रातही आम्ही तेच म्हणायचो.

घर

पश्चिम महाराष्ट्रातलं बागायती गाव. ताई तिशीच्या आतबाहेरची, दहावी झालेली. मुलगी चौथीत, मुलगा अंगणवाडीत. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर मशीन ऑपरेटर. घर सासऱ्यांच्या नावावर, पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. ताई शिवणकाम करायची: ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. पैसे नवऱ्याच्या हातात जायचे. तिच्या नावावर बायकांच्या गटातून घेतलेलं कर्ज होतं. रक्कम नवऱ्याच्या मोटारसायकलीला गेली आणि आठवड्याचा हप्ता हिच्या शिलाईतून. हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायका दारात. म्हणजे घरात मार आणि गल्लीत लाज, दोन्ही तिलाच.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. तिची कमाई काढून घेणं, तिच्या नावावर कर्ज उचलून ते तिलाच फेडायला लावणं, हे त्यात बसतं. ताईला हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. 'भांडणं होतात' एवढाच तिचा शब्द होता, आणि तो तिच्या आईचाही होता.

घसा बसला म्हणून आलेली बाई

ती पहिल्यांदा केंद्रात आलीच नाही. ती ग्रामीण रुग्णालयात गेली, घसा बसला म्हणून. नवरा सोबत होता आणि डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत होता. आवाज घोगरा, थुंकी गिळताना दुखतंय, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके. मानेवर फार काही दिसत नव्हतं, कानामागे एक ओरखडा तेवढा. ड्यूटीवरच्या सिस्टरने नवऱ्याला केसपेपरवर शिक्का आणायला खिडकीकडे पाठवलं, पडदा ओढला आणि सरळ विचारलं, "ताई, गळा कुणी धरला होता?"

ताई म्हणाली, "मारलं न्हाई ओ. गळाच धरला फक्त."

या एका वाक्यासाठी हे प्रकरण शिकवण्यासारखं आहे. 'नवरा मारतो का?' असं विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. गळा दाबण्याला ती मारहाण समजत नव्हती, कारण काठी नव्हती, रक्त नव्हतं. आरोग्य तपासणीत प्रश्न थेट आणि ठरावीक कृतीबद्दल का विचारावा लागतो, ते इथे कळतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या सुरुवातीला 'दिलासा' हा विभाग सुरू झाला. महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून उभा केलेला. त्यामागची समजूत हीच होती, की मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी दवाखान्याची पायरी चढते, आणि तिथल्या माणसांना तिच्या दुखण्यामागचं कारण ओळखता आलं पाहिजे.

गळा आवळणं ही साध्या मारहाणीच्या रांगेतली गोष्ट नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जिचा जोडीदाराने आधी कधी गळा दाबला आहे तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. पुष्कळदा गळ्यावर वळ उठतच नाही. आत सूज येते, रक्तवाहिनीला इजा होते आणि त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनी उमटतो. आवाज बदलणं, गिळताना दुखणं, डोळ्यांतले ठिपके, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येणं, नकळत लघवी होणं, या खुणा विचारून लिहून घ्याव्या लागतात. त्या दिवशी डॉक्टरांनी त्या लिहिल्या. 'पतीने दोन्ही हातांनी गळा दाबला, अंधारी आली, लघवी झाली' हे तिच्याच शब्दांत एमएलसीच्या, म्हणजे पोलीस-न्यायालयाच्या कामी येणाऱ्या वैद्यकीय नोंदीत आलं, आणि तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. पुढचं सगळं प्रकरण त्या चार ओळींवर उभं राहिलं. सिस्टरनेच आम्हाला फोन केला.

पोलीस ठाण्यात मात्र वेगळंच लिहिलं गेलं. ताई घाबरलेली, सासरा बाहेर बाकावर बसलेला. अंमलदाराने 'शिवीगाळ करून हाताने मारहाण केली' अशी अदखलपात्र नोंद केली, जिला सगळे एनसी म्हणतात. घटना १ जुलै २०२४ नंतरची, त्यामुळे भारतीय न्याय संहिता लागू. हाताने केलेली साधी मारहाण म्हणजे कलम ११५(२), आणि ते अदखलपात्र आहे. त्यात न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. आपल्या कायद्यात गळा आवळण्याला स्वतंत्र कलम नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याने तो शब्द गाळला की गुन्हा दोन थपडांइतका उरतो. नवऱ्याला बोलावून 'समज' देण्यात आली. नवरा, बायकोची छळवणूक, गळ्याला इजा आणि वैद्यकीय नोंद हे सगळं समोर असताना कलम ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८अ, लावण्याचा विचार तेव्हाच व्हायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. पण ताईलाच त्या दिवशी गुन्हा नको होता, आणि तिच्या नकाराला किंमत देणंही आमचं काम होतं.

माहेर आणि बैठक

भाऊ येऊन तिला आणि मुलीला घेऊन गेला. मुलगा सासूपाशी राहिला, म्हणजे त्यांनी सोडला नाही. माहेरी पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मग भावजयीचा चेहरा बदलला, वडील ओट्यावर गप्प बसू लागले, शेजारणी 'किती दिवस आलीस?' असं विचारू लागल्या. मुलीची शाळा बुडत होती. गटाच्या बायका हप्त्यासाठी माहेरच्या फोनवर फोन करत होत्या.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी साधारण १४ जणींनीच कुणाची मदत मागितली होती. ७७ जणींनी मदत तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ताई सांगणाऱ्या थोड्यांपैकी होती, आणि सांगितल्यावर काय वाट्याला येतं ते तिला महिनाभरात कळलं.

बैठक बसली. दोन्हीकडचे मामा, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. स्टॅम्प पेपरवर लिहून झालं: पती यापुढे मारहाण करणार नाही, आणि पत्नी घरातल्या गोष्टी बाहेर सांगणार नाही. अशा कागदांबद्दल स्पष्ट लिहिते. पहिल्या अटीची अंमलबजावणी करणारं कुणी नसतं आणि दुसरीची अंमलबजावणी घरातला प्रत्येक जण करतो. बाईला गप्प बसवणारा कागद तिच्या सहीने तयार होतो, आणि तो कुठल्याही न्यायालयाच्या संरक्षण आदेशाची जागा घेऊ शकत नाही. बैठकीला बसलेल्यांपैकी बहुतेकांना मनापासून संसार वाचवायचा होता, हे मला मान्य आहे. तिच्या जिवाची जोखीम मात्र त्यांच्यातल्या कुणीही तोलली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी ताईने केंद्रात यावं असा निरोप आम्ही धाडला आणि ती आली. 'परत का जातेस?' असं आम्ही विचारलं नाही. त्या प्रश्नात आरोप असतो, आणि आरोप ऐकलेली बाई पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. 'परत गेल्यावर काय काय होईल असं वाटतं?' असं विचारलं. तिने सगळा हिशेब केलेला होता. "इथं राहिले तर पोरगा गेला, हप्ता थकला, पोरीचं वर्ष गेलं. तिथं गेले तर मार हाय. माराचं मला ठावं हाय, ताई. बाकीचं ठावं न्हाई." यात भोळेपणा नव्हता आणि सवयही नव्हती. हातात असलेल्या वाटांमधली कमी नुकसानीची वाट तिने निवडली होती. वाटा वाढवणं हे आमचं काम होतं. निवड तिची.

नांदण्याच्या महिन्यांत

आधी जोखीम मोजली. गळा एकदा दाबला गेलेला. नवरा संशयी, फोन तपासतो. दारू आठवड्यातून चार-पाच दिवस. 'तू गेलीस तर तुला मारून मीबी मरीन' हे वाक्य त्याने दोनदा उच्चारलेलं. यातली प्रत्येक गोष्ट जगभरच्या जोखीम-मापनात गंभीर धरली जाते, आणि बाई घर सोडते किंवा सोडणार असं पुरुषाला कळतं तो काळ सगळ्यांत धोक्याचा असतो. म्हणून 'निघून ये' असं घाईने सांगणं हाही एक धोका आहे. निघायचं तर तयारीने निघावं लागतं, आणि तयारीला वेळ लागतो.

तयारी अगदी साध्या गोष्टींची होती. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, रुग्णालयाचे कागद, यांच्या नकला एका पिशवीत घालून शेजारच्या काकूंच्या ट्रंकेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे आणि ताई तिथे राहते आहे याचा कागद. लग्नातल्या दागिन्यांची आणि भांड्यांची यादी, फोटोंवरून केलेली. आमचा नंबर तिच्या फोनमध्ये 'मशीन दुरुस्ती' नावाने. आम्ही तिला कधी फोन करायचा नाही, तीच करेल. व्हॉट्सअॅपवर काहीही पाठवायचं नाही.

काकूंशी एक खूण ठरली. मुलगी येऊन 'आईनं बॉबिन मागितलंय' म्हणाली की काकूंनी ११२ ला फोन लावायचा आणि मुलीला परत पाठवायचं नाही. भांडणात मध्ये पडायचं नाही, आईला सोडवायला जायचं नाही, काकूंच्या घरी पळायचं, हे मुलीला दोन-तीनदा नीट समजावलं. हे लेकराला सांगताना ताईचे डोळे भरून आले. मलाही ते सोपं गेलं नाही. पण लेकरू मध्ये पडून जखमी होणं हे या घरांत फार वेळा होतं. भांडण चढू लागलं तर स्वयंपाकघरात आणि न्हाणीत थांबायचं नाही, दार असलेल्या पुढच्या खोलीकडे यायचं, हेही ठरलं.

पैशाची बाजू 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या, गावच्या गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताईंनी सांभाळली. त्यांनी गटात ताईची बाजू मांडली आणि हप्त्याला सवड मिळवून दिली. शाळेच्या गणवेशांचं काम थेट गटामार्फत आलं, आणि त्याची रक्कम ताईच्या नावाच्या नव्या पोस्ट खात्यात जमा होऊ लागली. रक्कम लहान होती. तरी स्वतःच्या नावावर पहिल्यांदा पैसे जमा झाले की बाईचं बोलणं बदलतं. हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे.

याच काळात नवऱ्याच्या घरच्यांनी आमच्याकडे निरोप धाडला: 'दोघांना समोरासमोर बसवा, समजूत काढा.' आम्ही नाही म्हणालो. मारणारा आणि मार खाणारी यांना शेजारी खुर्च्या देऊन 'तुमचं म्हणणं काय, तुमचं काय' असं विचारणं अनेक ठिकाणी समुपदेशन म्हणून चालतं. त्या खोलीत बाई खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत रात्री घरी मोजते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या २००६ च्या नियमांत १४ वा नियम समुपदेशनाबद्दल आहे. हिंसेचं कोणतंही समर्थन समुपदेशनात मांडू दिलं जाणार नाही, हे मारणाऱ्याला आधीच सांगावं, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे 'ती उलट बोलली म्हणून' हे वाक्यच त्या खोलीत चालत नाही. हा नियम प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावायला हवा.

बॉबिन

पावसाळा सरत आला होता. एका रात्री मुलगी काकूंकडे आली आणि तिने बॉबिन मागितलं. गाडी यायला वेळ लागला. तोवर काकू आणि त्यांचा मुलगा दारात उभे राहून मोठ्याने हाका मारत राहिले, आणि तेवढ्याने नवऱ्याचे हात सुटले. पुन्हा गळाच होता. या वेळी बोटांचे वळ होते.

ताई दोन्ही मुलांना घेऊन निघाली, पिशवी काकूंनी दिली. जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये तिची सोय झाली. निर्भया निधीतून २०१५ पासून उभी राहिलेली ही केंद्रं. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि कायदेशीर सल्ला एकाच छताखाली मिळतो. मुक्काम साधारण पाच दिवसांचा. त्यानंतर आधारगृहात जायचं का, असा प्रश्न आला. ताईने नकारार्थी मान हलवली. "घर माझं हाय. बारा वर्षं सारवलंय मी ते. मी का जाऊ?"

इथे आपल्या सगळ्यांच्या मनातली एक पक्की समजूत मोडावी लागते. बाईची सुटका म्हणजे बाईने घर सोडणं, असं आपण धरून चालतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तसं धरत नाही. कलम १७ नुसार सामायिक घरात, म्हणजे ती नांदली त्या घरात, राहण्याचा हक्क तिला आहे, मग त्या घरावर तिचं नाव असो वा नसो. कलम १९ नुसार मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश मिळू शकतो.

न्यायालय

महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. तालुका विधी सेवा समितीने वकील मॅडम दिल्या आणि त्या चांगल्या निघाल्या. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल केला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याच कायद्याच्या कलम १२ चा अर्ज गेला, सोबत कलम २३ खाली तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी. पहिल्या रुग्णालय-भेटीचे कागद त्या वेळी सोन्यासारखे कामाला आले. गळा दाबण्याची दुसरी घटना सांगताना पहिलीचा तारीखवार पुरावा हातात होता. एनसीत गाळलेला शब्द दवाखान्याच्या कागदात टिकून होता.

अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांच्या आत पहिली सुनावणी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच आठवडे जातात, इथेही गेले. पण प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम संरक्षण आदेश लवकर मिळाला: नवऱ्याने तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये, शाळेजवळ जाऊ नये.

घराचा मुद्दा तापला. सासऱ्यांच्या वकिलांनी सांगितलं, घर सासऱ्यांचं, मुलाचा त्यात हक्क नाही, मग सुनेचा कुठून? २००६ च्या बत्रा निवाड्यानंतर अनेक वर्षं हा युक्तिवाद चालून जायचा आणि कितीतरी सुना रस्त्यावर आल्या. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सतीश चंदर आहुजा प्रकरणात तो निवाडा चुकीचा ठरवला. घर सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचं असलं तरी ती तिथे संसार करून राहत असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं, असं त्यांनी सांगितलं. मग सासऱ्यांनी दुसरी वाट धरली आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुनेला बाहेर काढण्याची मागणी केली. ही चाल हल्ली वारंवार दिसते. एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलं आहे, की ज्येष्ठांचा कायदा वापरून बाईचा राहण्याचा हक्क सरसकट पुसता येणार नाही. दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. प्रांतांकडची मागणी पुढे सरकली नाही.

म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचंही ते घर आहे हे वकील मॅडमनी स्वतःहून मान्य केलं. तसंही कलम १९ मध्ये स्त्रीला घराबाहेर काढायचा आदेश देता येत नाही, त्यामुळे सासूला हलवण्याचा प्रश्नच नव्हता. मागणी नेमकी ठेवली: नवऱ्याने बाहेर राहायचं, पुढची एक खोली आणि स्वयंपाकघराचा वापर ताईला. अंतरिम आदेश तसा झाला.

आदेशाच्या मसुद्यातली एक गोष्ट इतर कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होतो तो संरक्षण आदेश मोडल्याबद्दल. निवासाच्या आदेशाबद्दल त्या कलमात शब्द नाही आणि त्यावरून न्यायालयात वाद होतात. म्हणून वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, शिलाई मशीन हलवणं, नातेवाइकांकरवी त्रास देणं, या सगळ्या गोष्टी वकील मॅडमनी संरक्षण आदेशातच मनाई म्हणून मागून घेतल्या. पोलीस मदतीचाही शब्द आदेशात घेतला. ताई घरी परतली तेव्हा सोबत महिला हवालदार आणि संरक्षण अधिकारी होते. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या खोलीची वीज गेली. आदेशाची प्रत घेऊन हवालदार बाई आल्या आणि तासाभरात दिवे लागले. आदेशात ती ओळ नसती तर आम्ही पुन्हा अर्ज लिहीत बसलो असतो.

फौजदारी बाजूला कलम ८५ सह गुन्हा दाखल झाला. दोन्ही वैद्यकीय कागद जोडून, खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ लावावं असा लेखी अर्ज दिला आहे. नवऱ्याला अटक झाली नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही, हे २०१४ च्या अर्णेश कुमार निवाड्यापासून ठरलेलं आहे, त्याला नोटीस देण्यात आली. त्यामुळे रोजच्या जगण्यात तिचं रक्षण करणारी गोष्ट म्हणजे तो दिवाणी वळणाचा संरक्षण आदेशच. गुन्हा नोंदवला की बाई सुरक्षित झाली असं मानून थांबणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं.

आज

ताई त्या घरात राहते आहे. सासू पहिले दोन महिने बोलली नाही, आता नातवाला शाळेत सोडायला जाते. सासरे अजून पाठ फिरवतात. मुलीला रात्री दचकून जाग यायची, तिच्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाणं सुरू आहे. घटस्फोट हवा का, असं वकील मॅडमनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "आत्ता नको. आधी पोरं सावरू द्या." तिला तो हवा असेल तेव्हा ती सांगेल. तिच्या वतीने ठरवायची घाई कुणालाच नाही.

खटकणारी गोष्ट पैशांची आहे. न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २० खाली तिला आणि मुलांना दरमहा रक्कम ठरवून दिली. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निवाड्यानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्याने त्यात 'रोजंदारी, अनियमित' असं लिहिलं. दोन महिने पैसे दिले, मग बंद. कलम २०(६) नुसार पैसे थकवणाऱ्याच्या मालकाला त्याच्या पगारातून थेट रक्कम भरायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. कारखाना म्हणतो तो आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे, आणि हजेरीपत्रकावर ठेकेदाराचं नाव मध्येच बदललेलं आहे. त्याच्या जुन्या ओळखपत्राची आणि भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठीची नक्कल ताईने तयारीच्या महिन्यांतच पिशवीत टाकून ठेवली होती. त्यावरचा क्रमांक धरून खरा ठेकेदार कोण ते शोधणं चालू आहे. पुढच्या तारखेला त्याच्या नावाने अर्ज दाखल करायचा आहे.